फिल्टरखालचा स्क्रू

लोणंदच्या गॅरेजात शिवांजली आपल्या स्कूटरसाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर नाथाजी आणि शालूबाई हे म्हातारं जोडपं बसलं होतं. वजीर मिस्त्री त्यांनी तपासायला आणलेल्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपच्या इंजिनात वाकला होता.

"वजीरभाई, इंजिन गेलं असलं तर आजच इकायची. तसं ठरलंय आमचं."

"तुझं ठरलंय, शालू. माझं न्हाई."

"आवं, पोराच्या लग्नात घाटात बंद पडली. नवरदेवबी ढकलत हुता!"

"म्हणून तर ते लगीन समद्यांच्या ध्येनात ऱ्हायलं."

"काका, तवा डिझेलमधी पाणी हुतं," वजीर म्हणाला. "आज डिझेलच्या फिल्टरमधी पाण्याचा थेंब न्हाई. मधनंमधनं पाणी कोण काढतंय?"

"मी न्हाई. मला वाटलं, तुमीच काढताय."

"मी वरसातनं एकदा बघतो."

शालूबाई पदराशी चाळा करू लागल्या.

"अगं, तू?"

"तुमी बाजाराला गेलासा की. खालचा स्क्रू सैल करायचा, पाणी वाटीत सोडायचं, परत आवळायचा. घाटात वजीरभाईनी केलेलं बघून ठिवलं हुतं."

"आन् रोज इका, इका करतीस?"

"इका म्हणलं. मारा न्हाई म्हणलं."

शिवांजलीची स्कूटर तयार झाली होती. ती उठली नाही.

"काकी, इंजिन ठणठणीत हाय. तरीबी इकायची असली तर गिऱ्हाईक हाय माझ्याकडं."

"त्याला त्यो स्क्रू कुठं असतो, ठावं हाय का?"

"न्हाई बा."

"मग न्हाई इकायची. चला, बसा गाडीत."