एवढंसं उरलंय, संपवून टाका

सात डबे, तीन वाट्या आणि झाकण ठेवलेलं एक पातेलं!

मंडळी, ऐका. चांदवडच्या खैरनार सरांच्या फ्रीजमध्ये एका सकाळी एवढं होतं. डब्यांत काय? एकात परवाची मटकीची उसळ. एकात कालचं वरण. एकात भात — भात अर्धी वाटी, डबा मात्र चार वाट्यांचा! मग मेथी, मग भोपळा, शेजारून आलेल्या दोन पुरणपोळ्या आणि सत्यनारायणाचा शिरा. झाले सात. वाट्यांमध्ये एकीत चटणी, एकीत कढी, आणि तिसरीत काय होतं ते घरच्या बाईंनाही ओळखता येईना! पातेल्यात आमटी. आणि घरात माणसं किती? दोन!

हसू नका. घरी जा, आपापला फ्रीज उघडा, आणि मग हसा.

आजचा प्रश्न साधा आहे. अन्न टाकणं पाप — हे आपल्याला आईनं शिकवलं, आईला आजीनं शिकवलं. बरोबरच शिकवलं. पण मग भूक नसताना तेच अन्न पोटात टाकणं, हे काय? पुण्य? उकिरड्यावर गेलं तर वाया गेलं आणि पोटात गेलं तर सार्थकी लागलं, असं कुणी ठरवलं? पोटाला विचारलं का कुणी? या ओळी माझ्याच आहेत, संतांच्या माथी मारत नाही —

उरलेला घास, पोटात लोटला ।
म्हणे तो वाचला, कोण वाचे? ॥

धरा, टाळ धरा! विठ्ठल, विठ्ठल...

तर, यशवंत खैरनार. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणतं. पत्नी मंदाताई. त्या अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका होत्या. तालुक्यातली हजारो पोरं त्यांनी काट्यावर तोलली. आता दोघंही निवृत्त. मुलगा बंगळूरला, मुलगी नाशिकला. एके काळी या घरात सासू, सासरे, दीर, दोन मुलं आणि हे दोघं, अशी सात पानं मांडली जायची. ती पाच पानं उठून गेली. कुणी देवाघरी, कुणी परगावी. पण मंदाताईंचा हात? हात सातांचाच राहिला! पिठाच्या डब्यात गेला की सातांची मूठ, तांदळात गेला की सातांचं माप. पस्तीस वर्षांची सवय, हाताला काय कळतंय घर रिकामं झालं ते?

आता अडचण ऐका. सरांचा उजवा डोळा लहानपणी विटीदांडू खेळताना गेला. सगळा संसार, सगळी चित्रं डाव्या डोळ्यावर. त्या डाव्यात मोतीबिंदू पिकला. मंदिराच्या फळ्यावर कार्यक्रम सरच लिहायचे — अक्षर असं, की लोक कार्यक्रमाला येवोत न येवोत, फळा वाचायला यायचे! पण एकदा काकड्याची ओळ त्यांनी हरिपाठाच्या ओळीवरच लिहिली. एकावर एक. पुजाऱ्यानं मुकाट्यानं फडकं मारलं आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात पुन्हा लिहिलं. सरांना ते दिसलं नाही. पण फडकं मारल्याचा आवाज ऐकू आला.

नाशिकला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दृष्टी सहा बाय साठ. म्हणजे काय? चांगल्या डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून दिसतं, ते वाचायला सरांना सहा मीटरवर यावं लागतं. मग रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी असते ना, ती — नऊ पॉइंट सहा!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, दोन डोळे असते तर गोष्ट वेगळी होती. एकच आहे. एवढ्या साखरेवर मी त्याला हात लावणार नाही. आत जंतू शिरले तर माझ्याकडे दुसरा डोळा नाही द्यायला. आठच्या खाली आणा, मग या."

"आणि नाही आली खाली तर?"

"तर मोतीबिंदू काही थांबत नाही, सर."

बस चांदवडकडे निघाली. पिंपळगाव गेल्यावर मंदाताई म्हणाल्या, "आजपासून स्वयंपाकघरात माझा कायदा."

सर म्हणाले, "आजवर कुणाचा होता?"

पण कायदा खराच लागू झाला, मंडळी! फरसाण गेलं. बिस्किटं गेली. चहातली साखर गेली. मैदा दाराबाहेर. पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी, पांढऱ्या भाताचा डोंगर होता तिथे टेकडी आली, ताटात अर्धी जागा पालेभाजीला. गोळ्या वेळच्या वेळी. सकाळी रेणुकामातेच्या डोंगरापर्यंत दोघांची फेरी. सगळं स्वच्छ, सगळं शुद्ध! तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. किती यावी साखर?

तुम्ही सांगा. मागचे काका, बोला... आठ? साडेसात?

नऊ पॉइंट चार!

मंदाताईंनी कागद दोनदा वाचला. घरी आल्यावर दार लावलं.

"खरं सांगा. बसस्टँडवर जिलेबी खाता ना?"

"अगं, नाही."

"मग भेळ?"

"नाही गं बाई."

"मग ही साखर काय हवेतून आली? तिकडे तुमच्या डोळ्याला अंधार येतोय आणि तुम्ही मला फसवता! देवासमोर हात ठेवून सांगा."

सर उठले. देव्हाऱ्यावर हात ठेवला. म्हणाले, "मंदा, ज्या दिवशी तू कायदा केलास त्या दिवसापासून बाहेरचा एक दाणा खाल्ला नाही. जे खाल्लं ते तुझ्या हातचं."

आता हे वाक्य खरं होतं. पण नवऱ्यानं असं वाक्य कधी बोलावं? "म्हणजे दोष माझ्या हाताचा!" — आणि धरला अबोला!

आपल्याकडचा अबोला म्हणजे काय असतो, तुम्हाला सांगायला नको. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, फक्त बोलणं भिंतीशी. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर ठेवलाय." भिंत काय चहा पिते? पण सर मुकाट्यानं जाऊन घ्यायचे.

आणि मंडळी, या अबोल्यातच पांडुरंगानं काम केलं. कसं? सांगतो.

एरवी काय व्हायचं? सर आपलं शहाण्यासारखं जेवायचे. एक भाकरी, भाजी, वाटीभर वरण. हात धुवायला उठणार, तेवढ्यात मंदाताई म्हणायच्या, "अहो, भाजी एवढीशीच उरलीय, संपवून टाका." संपवली. "वरण एवढंसंच आहे, आता कुठे डब्यात काढू?" प्यायले. "अर्धी भाकरी कशाला ठेवायची?" खाल्ली. उरलंसुरलं ताई स्वतः संपवायच्या. तरीही उरलं तर ते फ्रीजमध्ये, आणि संध्याकाळी चार वाजता — "सकाळचं आहे, वाया जाईल." आणि हे खाणं जेवण म्हणून धरायचंच नाही! का? कारण ते ताटात वाढलेलंच नसतं. ते पातेल्यातून थेट जातं. पातेल्यातलं देवालाही दिसत नाही, असा आपला समज आहे!

पण अबोल्यात कोण कुणाला सांगणार, संपवून टाका म्हणून? सर जेवून उठले. ताईंनी रागारागानं उरलेली भाजी एका ताटात उपडी केली. त्यावर वरण. पोटात राग असल्यावर त्यांनाही जेवणावर वरचा घास जाईना, एरवी त्या संपवायच्या तेही त्यातच. चारला खाणं नाही. रात्रीचं उरलेलंही त्याच ताटात. झाकपाक करायला आल्या आणि ओट्याकडे बघतच राहिल्या. ताट शिगोशीग भरलेलं!

पोरं तोलणारी बाई ती. पोह्यांचं, गुळाचं माप घ्यायचा छोटा काटा होता, तो काढला. ताट ठेवलं, रिकाम्या ताटाचं वजन वजा केलं. नऊशे चाळीस ग्रॅम!

"अहो!" अबोला मोडला. "अहो, इकडे या. हे बघा!"

"काय झालं? उंदीर?"

"उंदीर नाही. आपण दोघं! हे रोज आपल्या पोटात जात होतं. दोन वेळचं जेवून झाल्यावर वर हे! साखर हवेतून नाही हो आली. माझ्या तोंडातून आली. संपवून टाका, संपवून टाका."

सरांनी डोळा ताटाजवळ नेला. निरखून म्हणाले, "मेथी चांगली झाली होती मात्र."

तेवढ्यावर दोघंही हसले. त्या दिवशीचं ताट शेजारच्या म्हशीला गेलं.

पण हसून प्रश्न सुटला का? दुसऱ्या दिवसापासून काय करायचं? टाकायचं? छे! ताईंच्या हातून शीत खाली पडलं तर त्या उचलून कपाळाला लावतात. मग खरा उपाय एकच — पातेल्यात मुळात पडतानाच कमी पडलं पाहिजे. ऐकायला सोपं! करायला गेल्या तर जीव तुटायचा. पीठ काढायचं, अर्धं परत डब्यात टाकायचं, आणि पुन्हा मूठभर बाहेर काढायचं. का? "कुणी अवचित आलं तर?" घरात अन्न उरलेलं नाही म्हणजे घर दरिद्री — हे आपल्या हाडात बसलंय. टोपली रिकामी ठेवू नये म्हणतात, म्हणून ताईंनी एक भाकरी मात्र जास्त ठेवली. पण ठरवलं की ती सकाळी गाईची. सरांची नाही! उपवासालाही तोच नेम लावला. नाहीतर आपला उपवास ठाऊक आहे ना? देवाला वाटतं भक्त उपाशी आहे, इकडे साबुदाण्याची दुसरी बशी चालू!

आणि जे व्हायचं तेच झालं. दुपारी दोन वाजता सरांची थोरली बहीण दारात! आक्का. मनमाडहून. न कळवता. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि थेट आत जाऊन एकेक झाकण उचललं. रिकामं. रिकामं. टोपलीत गाईची तेवढी एक भाकरी. फ्रीज उघडला — दूध, दही, भाज्या.

"मंदा, आमच्या आईच्या राज्यात या घरातून कुणी परका उपाशी गेला नाही गं. आता सख्ख्या बहिणीला घासभर शिळंपाकं पण शिल्लक नाही?"

काय वाटलं असेल मंदाताईंना? पस्तीस वर्षं ज्या गोष्टीला भ्यायल्या, ती समोर येऊन उभी! क्षणभर वाटलं, उद्यापासून पुन्हा सातांचं करावं. मग त्यांनी दारातून पाहिलं. सर उंबरा पायानं चाचपत आक्कांची पिशवी आत आणत होते.

ताई म्हणाल्या, "शिल्लक काही नाही, आक्का. बसा. ताजं वाढते."

कांदा चिरला, पिठलं टाकलं, भाकरी थापली. तव्यावरून थेट पानात. आक्कांनी दोन खाल्ल्या. तिसरी अर्धी झाल्यावर हात आखडला, "एवढीशी उरली गं, यशवंता, संपवून टाक."

सर म्हणाले, "आक्का, माझं जेवण झालं."

बस! तीन शब्द. मोठ्या बहिणीला हे तीन शब्द बोलायला माणसाला साठी ओलांडावी लागली!

ती अर्धी भाकरी गाईच्या भाकरीवर ठेवली. आक्का दोन दिवस फुगून होत्या, म्हणजे मनमाडला जाऊनही फुगून होत्या. पुढच्या संक्रांतीला मात्र त्यांनीच फोन करून विचारलं, "तो काटा कुठं मिळतो गं?"

आता हे ऐकून कुणी गोळ्या बंद करू नका हं! सरांनी एकही चुकवली नाही. ते पाप माझ्या माथी नको.

आणि तुम्ही? थोड्या वेळानं इथे पंगत बसेल. वाढपी येतील, म्हणतील, "बुंदी एवढीशीच राहिली, घ्या हो, घ्या!" हात आडवा धरा. देवाचा प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो. आचारी विचारेल, उद्याची पानं किती? तर मोजून सांगा, अंदाजे नको. आणि घरी गेल्यावर एक करा. तुमच्या घरात संपवून टाकणारं माणूस कोण, ते बघा. बहुतेक आई असते. सगळे उठल्यावर ओट्याशी उभी राहून, पातेल्यातून खाणारी. आपण म्हणतो, आई अन्नाचा किती मान राखते! तिचा मान कोण राखणार? उद्या तिला पाटावर बसवा, ताट वाढा, आणि तिचं झालं की पातेल्यात काही राहू देऊ नका तिच्यासाठी.

खैरनारांकडचं सांगायचं राहिलं. पुढच्या तपासणीत सरांची साखर सात पॉइंट पाच. मंदाताईंचं वजन सहा किलोनं कमी. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं, महिन्याभरानं सरांना तक्त्यासमोर बसवलं.

डावा डोळा, सहा बाय नऊ.