दोरवालं हेलिकॉप्टर

इस्पितळात लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. तरुण बाईच्या हातात झाकण ठेवलेला चहाचा कप होता. वयस्क बाई रिकाम्या हातांनी ऐकत होती.

“मावशी, भाऊ माझा कड्यावरून पडला, आणि पाठवलं काय, तर दोरवालं हेलिकॉप्टर! ना डॉक्टर, ना व्हेंटिलेटर. दोघं बचाववाले, एक स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचं नळकांडं. पोत्यासारखा वर ओढला हो त्याला!”

“आमच्या ह्यांच्यासाठी डॉक्टरवालं आलं होतं. हवाई रुग्णवाहिका.”

“नशीबवान आहात.”

“सगळं होतं त्यात. व्हेंटिलेटर, रक्ताच्या पिशव्यासुद्धा. दरीवर घिरट्या घातल्या आणि परत गेलं.”

“परत? का?”

“उतरायला जागा नाही, वर ओढायला दोर नाही. डॉक्टर दिसत होता मला खिडकीतून.”

“अगं बाई! मग दोरवालं मागवायचं ना!”

“मागवलं. एकच आहे म्हणाले, ते दुसऱ्या कड्यावर गेलंय.”

“कधी झालं हे?”

“काल दुपारी.”

“काल... आमचंही कालच, मावशी.”

“हो, तू बोललीस तेव्हाच कळलं मला. शुद्धीवर आला का भाऊ?”

“सकाळी आला. चहा मागतोय.”

“बरं झालं.”

“मावशी, लिफ्ट आली. चला ना, आधी तुम्ही.”

“ही वर जातेय. मला खाली जायचंय, शवागारात. तू जा बाई, चहा निवेल त्याचा.”