काचेवरची चिनी अक्षरं

— नाही हो ताई, खुर्ची आता तुमचीच, बसा की. मला काढलंय, मी माझं सामान आवरतेय फक्त. काम काय विशेष नाही — पडद्यावर चिनी अक्षर येतं, ते या पेनाने या काचेवर तसंच काढायचं. आपल्या हातावरून कॉम्प्युटर शिकतो, म्हणजे उद्या कुणी चिनी माणसाने घाईत खरडलं तरी त्याला वाचता यावं. मला चिनी येतं का? छे, कुठलं. पण चौकोन तर येतो ना — मग आधी चौकट पुरी करायची, मागाहून आत काड्या भरायच्या, तीन महिने मी तेच केलं. साहेब येता-जाता म्हणायचे, काय सुबक हात आहे. आणि परवा त्यांनी एक खरा चिनी मास्तर आणला तपासायला. त्याने लिहिलं, तर कॉम्प्युटर ढिम्म. मी लिहिलं की लगेच ओळखतोय. मास्तर पोट धरून हसला — म्हणे, माणसं आत घ्यायची, मग दार लावायचं, या बाईंनी दार लावून भिंतीतून माणसं कोंबलीत. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, त्यावरच हा कॉम्प्युटरचा ठोकळा अक्षर ओळखतो म्हणे. सगळ्यात मोठ्याने साहेबच हसले. शिसारी आली मला. म्हणतात, तुम्हाला सांगितलं होतं. कुणी सांगितलं? कुणी नाही. एक कागद दिला होता तेवढा, रेघांवर एक-दोन-तीन आकडे घातलेला — आता आकडे काय, वाचता येतात मला, सातवी झालेय. पहिल्या दिवशी त्यात बघूनच अक्षरं काढली. पण तशी शंभर व्हायला दोन तास जातात, शंभर झाल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि पलीकडे पाळणाघरात माझी पोरगी — रडता रडता श्वास धरते ती, ओठ निळे पडतात, आणि तिथल्या बाईंची मान मोबाईलमधून वर होत नाही. भराभर काढली की तासाला एकदा डोकावता यायचं. मग काय, कागद खणात सरकवला. मीच. या हाताचीही किळस येते आता, खोटं कशाला बोलू. तुम्हाला लेकरू आहे? ... आठ महिन्यांचं? आणि आत्ता कुठेय — पलीकडेच?

उठा. आधी बघून या, जा.