नकारासोबतचा निरोप

तुरुंगासमोरच्या थांब्यावर बसची वाट पाहत बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या दोघांचं बोलणं पडत होतं. एक म्हातारे गवंडी, दुसरी टोपली घेऊन बसलेली फळवाली.

“आजही भेटला नाही का हो मुलगा?”

“नाही. शिपायाकडून नकारच आला.”

“वर्षभर हेच चाललंय. मग कशाला येता, काका?”

“बाप आलाय, एवढं त्याला कळतं ना. पुरे.”

“देवाला तरी सांगा, त्याचं मन वळव म्हणून.”

“अगं पोरी, तरुणपणी मीच देवाकडे पाठ फिरवून बसलो होतो. त्यानं माझा श्वास अडवला? माझ्या वाट्याचं ऊन बंद केलं? मग मी कुठल्या तोंडानं पोराला अटी घालू?”

शिंपीणबाईंची बस आली नि गेली. त्या उठल्या नाहीत.

“आज मात्र नकारासोबत निरोप होता. म्हणाला, ‘बाबांना सांगा, थंडीत येऊ नका म्हणावं. गुडघे धरतात त्यांचे.’”

“म्हणजे आता थंडीभर तुम्ही येणार नाही तर?”

“येणार नाही कसा? अगं, ‘बाबा’ म्हणाला तो!”