गवताचा कावळा

...आणि पुन्हा आठ. तुम्हाला सांगतो, गाडीत माणसं सात, आणि हा विल्सन, आमचा गाइड, दारात उभा राहून बोटाने डोकी मोजतो आणि आठ म्हणतो, मग स्वतःच दचकतो, पुन्हा मोजतो, सात, मग मान झटकून ड्रायव्हरला म्हणतो चला... एकदा झालं तर माणूस चुकला म्हणू, पण इक्वेडोरच्या समुद्रकाठापासून थेट डोंगरमाथ्यापर्यंत रोज तेच? ज्याला पानाआड बसलेला अंगठ्याएवढा पक्षी चालत्या गाडीतून दिसतो, त्याला समोर बसलेली सात माणसं मोजता येऊ नयेत? दोन इंग्रज जोडपी, एक डच मास्तर, कुमुदवहिनी आणि मी, संपलं. आणि त्याचं बोट अडखळायचं कुठे, तर वहिनींच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर. मी आपला खिडकीबाहेर बघायचो. आपण भूतबीत मानत नाही.

नाहीच मानत. आमच्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून घरात श्राद्ध नाही, पिंड नाही, अंगात येणं नाही, अमावास्या ही फक्त अंधारी रात्र. शिवाय माझा धंदा जहाजांना किराणा पुरवण्याचा. सिंगापुरात आलो तेव्हा इंग्रजी शिकलो ते गोण्यांवरची अक्षरं वाचून. ‘कीप ड्राय’ आणि ‘यूज नो हुक्स’, ही माझी पहिली दोन वाक्यं, आणि त्या दोन वाक्यांवर मी सेरंगून रोडच्या मागे दुकान उभं केलं. असा माणूस वजनकाट्यावर चढेल तेवढंच मानतो. भूत काट्यावर चढतं का?

मग तुम्ही विचाराल, शिवदासशेठ, तुम्ही आणि पक्षी बघायला? अहो, मला कोंबडी कळते, तीही शिजलेली. हे सगळं मनोहरचं. मनोहर म्हणजे वहिनींचा नवरा, बोटीवर चीफ इंजिनियर. पहिल्यांदा त्याच्या जहाजाला माल द्यायला गेलो, तर हा पठ्ठ्या डेकवर डोळ्यांना दुर्बीण लावून उभा. मी म्हटलं, साहेब, माल तपासून घ्या. म्हणतो, “थांब रे, ही समुद्रावरची सुरय उडून गेली तर परत दिसायची नाही. तुझी तूरडाळ कुठे उडून चाललीय?” तेव्हापासूनची दोस्ती. रिटायर झाल्यावर तर रोज संध्याकाळी माझ्या दुकानात, तांदळाच्या गोणीवर, तंगड्या पसरून. गिऱ्हाइकाला आधी ह्याच्या तंगड्या ओलांडाव्या लागायच्या.

आणि बोलणं एकच. तरुणपणी हा केळ्यांच्या जहाजावर होता, इक्वेडोरच्या बंदराला कितीदा लागला, पण फाटकाबाहेर पाय ठेवायला कधी मिळालं नाही. “शिवा, धक्क्यावरून हिरवे डोंगर दिसायचे रे. त्यात पक्षीच पक्षी. आणि मी खाली इंजिनात, ग्रीस खातोय.” शेवटी एकदाच्या त्याने तीन जागा बुक केल्या, तो, वहिनी आणि मी. आमच्या बेबीने, म्हणजे बायकोने, आधीच सांगितलं, मला मोरसुद्धा कॅलेंडरवरच आवडतो, मी दुकान बघते. आणि निघायच्या आधी ह्याच्या छातीत दुखलं, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेला... घरी आला नाही.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणजे, तुम्ही हसाल, मी तेव्हा हसलो नव्हतो. वहिनी देवाधर्माच्या. दहाव्याला पिंड ठेवायचा, कावळा शिवायला हवा. पण सिंगापुरात रानपक्ष्याला खायला घातलं तर गुन्हा. यश, त्यांचा मुलगा, इथल्या शाळेत शिकलेला, तो गुरुजींनाच सांगतो, “बर्ड फीडिंग नॉट अलाउड लाह, फाइन बसेल.” गुरुजी व्यवहारी, म्हणाले, बाल्कनीत ठेवू, कुणी विचारलं तर भात गार करायला ठेवलाय म्हणायचं. ठेवला. साळुंक्या आल्या, पारवे आले, समोरच्या ब्लॉकमधलं मांजर लांबूनच बघून गेलं. कावळा नाही. खाली झाडावर बसलाय, ओरडतोय, वर यायला तयार नाही... त्यालाही कायदा माहीत असणार. वहिनींनी हात जोडून सगळं कबूल केलं, तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला, तो पिंडाला टेकवला, आणि झालं म्हणाले.

कसलं झालं? वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, ज्या माणसाला उडती सुरय नुसत्या चोचीवरून ओळखता यायची, त्याला गवताचा कावळा चालेल?” मी मानत नाही, पण मुद्दा बिनतोड होता.

तिथून बाईंची झोप गेली, जेवण गेलं. पहाटे दुर्बिणीच्या पिशवीची चेन उघडल्याचा आवाज येतो म्हणायच्या. यश म्हणतो डॉक्टरला दाखवू, चैताली, त्यांची मुलगी, पुण्याहून रोज फोन करते, आई, इकडे ये. आणि ह्या म्हणतात, “हे अजून घरातच आहेत, ह्यांना एकटं टाकून कशी येऊ?” अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले हो बाईंचे. म्हणून मीच म्हटलं, चला वहिनी, त्याची सहल करून येऊ, हवापालट होईल. हो म्हणाल्या. पण एक अट. त्याची सीट त्याच्याच नावाने ठेवायची.

म्हणजे बघा, मी मानत नाही, आणि रिकामी सीट मीच मंजूर केली.

आधी काय दाखवलं, तर खारफुटीचा चिखल. होडीतून जातोय, खेकडे चालतायत, डोक्यावर काळे पक्षी मच्छरदाणीसारखे लटकलेले, आणि विल्सन मोजतोय आठ. मग गाडी चढली ती चढतच गेली, झाडं संपली, नुसतं गवत, धुकं आणि वारा, श्वास घ्यायला उधारीवर हवा. वहिनींनी थर्मास काढला, तीन कप भरले. मी म्हटलं, वहिनी, आपण दोघं. त्यांनी तिसरा कप दगडावर ठेवला. धुकं आलं, धुकं गेलं, कप रिकामा. वारा असेल. वाऱ्याने कप पडला असता, हा उभा होता... पण वारा असेल. आपण भूतबीत मानत नाही.

मग पलीकडे उतरून ते मोठं जंगल, अ‍ॅमेझॉनचं. तिथे घाम सुद्धा घामाघूम होतो. दोन होड्या केल्या, वहिनी पुढच्या होडीत, मी मागच्या. विल्सन एका तुटक्या फांदीकडे बोट दाखवून सांगतो, तो बघा पोटू पक्षी. मी दुर्बिणीतून बघतोय, खुंट. नीट बघा म्हणतो, बघतोय, खुंटच. सगळे आहाहा करतायत, मीही व्यवहार म्हणून आहाहा केलं. आणि कानाशी, अगदी इथे, कुणीतरी म्हणालं, “डावीकडे बघ, गाढवा.”

मराठीत. आता त्या अख्ख्या नदीवर मराठी बोलणारं दुसरं माणूस म्हणजे वहिनी, आणि त्या मला गाढव म्हणत नाहीत, निदान तोंडावर. मी दुर्बीण डावीकडे नेली. खुंटाने डोळा उघडला. पिवळाजर्द डोळा, माझ्याकडेच. मग संध्याकाळ व्हायला लागली तसा तो ओरडला... तुम्हाला कसं सांगू, म्हातारं माणूस भिंतीकडे तोंड करून रडतं ना, एकेक पायरी उतरत, तसं. पुढच्या होडीतून वहिनींनी मागे वळून पाहिलं. मी दुर्बीण पुसायला लागलो. पण पोटू डावीकडेच होता हो.

शेवटी परतीच्या वाटेवर ढगांतलं जंगल. झाडांना शेवाळ इतकं, की झाडांनी शाली पांघरल्यात म्हणावं. तिथे एक शेतकरीणबाई पक्ष्याला हाक मारते आणि पक्षी येतो, अशी ख्याती. अँटपिट्टा त्याचं नाव. आपला नवरंग असतो ना, त्याचा रंग उडालेला लांबचा भाऊ समजा. दोन लांब काड्यांवर उकडलेलं अंडं ठेवावं तसा दिसतो, शेपूट नाहीच, आणि लाजाळू एवढा की माणूस शिंकलं तर आठवडाभर घराबाहेर पडत नाही. मनोहर गोणीवर बसून ह्याच पक्ष्याचं नाव जपायचा.

तर ती बाई ओंडक्यावर गांडुळाचे तुकडे मांडते, मागे सरते, आणि हाक मारते, “वेन, वेन, चिकीता,” आपण कोंबड्यांना तीतीती करतो तसं. आम्ही सगळे ओळीने उभे, हात पुढे धरलेले, झुडपाकडे बघतोय. येईना. बाई पुन्हा हाक मारते. येईना. आणि वहिनींनी माझी बाही घट्ट धरली.

“भावजी, हे तेच आहे.”

काय तेच? मग माझ्याही ध्यानात आलं. मांडलेलं अन्न, ओळीने उभी माणसं, आणि यायला तयार नसलेला पक्षी. आणि वहिनींनी हात जोडून पुटपुटायला सुरुवात केली. यशला त्याच्या चिनी मैत्रिणीशी लग्न करू देईन. झुडूप गप्प. चैतालीकडे जाऊन राहीन, जेवेन. गप्प. दुर्बीण कुणाला देणार नाही. गप्प. मागून डच मास्तर विचारतो, बाई काय म्हणतायत? मी म्हटलं, पक्ष्याशी बोलणी चाललीयत. शेतकरीणबाई कपाळाला हात लावून, रोज येते हो, आज काय झालं तिला...

तेवढ्यात वहिनी माझ्याकडे वळल्या. “भावजी, तुम्ही सांगा.”

“मी? मी मानत नाही, वहिनी.”

“मानू नका, पण सोडा त्यांना. दुकानात रोज संध्याकाळी दोन चहा कोण मागवतं? बेबीने सांगितलंय मला. त्या गोणीवर अजून कुणाला बसू देत नाही तुम्ही. विकत सुद्धा नाही ती गोणी.”

आता बोला. मी म्हणणार होतो सवय आहे, तांदूळ जुना झालाय, कोण घेणार... सगळं तोंडात तयार होतं. मला वाटायचं घरात वहिनींनी धरून ठेवलाय. अर्धा माझ्याकडे होता. मी झुडपाकडे बघून हळूच म्हटलं, “मन्या, जा आता. इथे बरं आहे. फाटकबिटक काही नाही इथे.”

झुडूप हललं. टुण, टुण, टुण... थांबला. बघितलं. एक तुकडा उचलला, मग दुसरा. सगळ्यांचे कॅमेरे कडकडले, वहिनी तोंडात पदर धरून उभ्या, आणि मी दुर्बीण उलटी धरली होती. त्यामुळे मला तो फार लांब दिसला, एवढासा, आणि लांबच जात होता.

गाडीशी आलो. विल्सनने बोटाने मोजलं. सात. चला, म्हणाला.

मी म्हटलं, पुन्हा मोज.

त्याने मोजलं. सातच.

वहिनी गाडीत बसल्या त्या झोपल्याच, घोरत होत्या हो, इतक्या महिन्यांनी. मी जागा. रिकामी सीट म्हणजे नुसती रिकामी सीट, वर कुणाची तरी टोपी पडलेली.

आता त्या पुण्यात आहेत, चांगल्या भरल्यात, यशचं लग्नही ठरलं. पण परवा फोन आला. “भावजी, एकदाही आले नाहीत हो. स्वप्नात सुद्धा नाही. थोडं थांबवून धरता आलं असतं का?” मी म्हटलं, वहिनी, हा माल परत येत नाही. बरं म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आता मी भांडू कुणाशी?” मी म्हटलं, माझ्याशी भांडा. आणि लागल्या की, लगेच, जोरात, “तुम्हाला किती वेळा सांगितलं, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही म्हणून.” मी म्हटलं, चुकलं, उद्यापासून नाही टाकणार.

तेव्हापासून दर रविवारी भांडतात, आणि दर रविवारी मी चुकलं म्हणतो. बेबी ऐकत असते. म्हणाली, “अहो, कशाला चुकलं म्हणता? तुमचा टॉवेल तर मी वाळत घालते.”

मी म्हटलं, असू दे. कुणाचा तरी ओला असायला हवा.