कवटी मोजायला आलेले पाहुणे

तुम्ही मला सांगा, मुलगी बघायला येताना कुणी तिची कवटी मोजायचं यंत्र बरोबर घेऊन येतं का हो? नाही, सांगाच! पत्रिकेतले गुण मोजतात, ते ठाऊक आहे. उंची बघतात, तेही ठाऊक आहे. मला आमच्या सासूबाईंनी दाराच्या चौकटीला टेकवून उभी केली होती आणि बोटानं कुंकवाची रेघ ओढली होती, तेव्हाही मी काही बोलले नाही. पण कवटी? शी! आठवलं तरी तोंड कडू होतं. आणि हे कुठं? आडरानात नाही हो, भर कलकत्त्यात, भवानीपुरात, आमच्या बैठकीच्या खोलीत, खालच्या मजल्यावरच्या सुचित्रादींकडून मागून आणलेल्या वेताच्या खुर्च्यांवर बसून!

थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, कालिंदीबाई नेहमीसारख्या मधूनच सुरू झाल्या.

आमची उज्ज्वला. बी.ए. झाली, शाळेत शिकवते, दिसायला... आता आईनं काय सांगायचं! आमचे हे कस्टममध्ये, बदलीवर आलो ते इथंच रुतलो. इथं मराठी घरं किती? त्यात लग्नाची मुलं किती? त्यात पत्रिका जुळणारी किती? हे जेवताना पोरीकडे बघून असा सुस्कारा सोडायचे की वरणावरची वाफ हलायची! तेव्हा बागबाजारच्या गुरुदत्तपंतांचं स्थळ आलं म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

गुरुदत्तपंत म्हणजे तीन पिढ्या कलकत्त्यातले. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, स्वतःचं घर. मुलगा श्रीधर, इंजिनिअर, निर्व्यसनी, कुणी हाक मारली तरच मान वर करणारा. पंतांना अभिमान दोन गोष्टींचा. एक बागबाजारचा. "वहिनी, मराठ्यांच्या धाकानं या शहरानं खंदक खणला ना, तो आमच्याकडून सुरू झाला!" मी मनात म्हटलं, ज्यांच्या धाकानं खणला ते तुमच्यासारखेच असतील, तर खणला ते बरंच केलं. पण मुलीची आई ना मी, गप्प बसले.

आणि दुसरा अभिमान जर्मनीचा! अहो, आजोळ असल्यासारखा! स्वतः हावड्याच्या पलीकडे दोनदा गेलेत, पण बोलायला लागले की सगळं जर्मनी. जर्मनीत म्हणे गाडी मिनिटावर सुटते. जर्मनीत म्हणे तान्ही मुलंसुद्धा वेळेवर रडतात. आपले वेद म्हणे जर्मनांनी नेले आणि त्यांतून विमानं काढली. मग वेद इतकी वर्षं आपल्याच घरात पडले होते, तेव्हा आपण त्यांतून साधा छताचा पंखा का नाही काढला, हे कुणी विचारायचं नाही! आणि तो हिटलर... त्याचं नाव काढताना आवाज असा मऊ, जसं देवघरात बोलतात. "माणूस चुकला असेल, वहिनी. पण शिस्त! शिस्त होती!" लढाई संपून दहा वर्षं झाली, त्या देशाचे दोन तुकडे झाले, एक रशियाकडे झुकलेला, एक अमेरिकेकडे, पण पंतांच्या बैठकीतल्या नकाशात अजून एकच अखंड जर्मनी, आणि संध्याकाळी त्याला उदबत्ती ओवाळत असतील तर मला नवल नाही वाटायचं.

हे एकदाच त्या घरी जाऊन आले आणि तिथून ती शिस्त घरी घेऊन आले. म्हणजे बघा, चपला एका रेषेत. जेवायला घंटा. पूजेची घंटा हो! देवाला वाजवायची ती मला वाजवायला लावली, "जेवण तयार" म्हणून! मी म्हटलं, अहो, देव गोंधळेल. तर म्हणे, "शिस्त, कालिंदी, शिस्त!" आणि स्वतः? स्वतः ऑफिसातून आले की धोतर एका खुर्चीवर, उपरणं दुसऱ्या खुर्चीवर, चष्मा कुठं ते ब्रह्मदेवाला ठाऊक!

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला कशाला सांगत बसले असते? यांना गोदीत एका जर्मनाची ओळख झाली होती. क्राउझ त्याचं नाव. बजबजला तेलाच्या टाक्या आहेत ना, तिथं पंप बसवायला आलेला. त्याच्या पेट्या गोदीत अडकल्या होत्या, त्या यांनी सोडवल्या, तेव्हापासून तो दिसला की हात हलवतो. बास, एवढीच ओळख! पण यांच्या डोक्यात किडा वळवळला. "अगं, पाहुणे येतील त्याच दिवशी क्राउझला बोलावू. खरा जर्मन आपल्या खुर्चीत बसलेला पाहिला की पंत जागच्या जागी होकार देतील! पाच वाजता ये म्हणून सांगतो. जर्मन माणूस, वेळेचा पक्का!"

आता ऐका. पाच वाजता पंत हजर, श्रीधर हजर, मी पोहे केलेले, वर खोबरं, कोथिंबीर, सुचित्रादींनी पाठवलेले छेन्याचे गोड संदेश बशीत मांडलेले, उज्ज्वला आतल्या खोलीत नारायणपेठ नेसून बसलेली... आणि जर्मन? जर्मनाचा पत्ता नाही! सव्वापाच. साडेपाच. पंत खिशातलं घड्याळ काढतात, आत ठेवतात, काढतात, ठेवतात. "काहीतरी महत्त्वाचं काम निघालं असणार. जर्मन माणूस उगीच थांबत नाही." मी म्हटलं, मुलीला बोलावू का? तर म्हणे, "नको. त्यांच्यासमोरच होऊ दे." काय होऊ दे? मला काय ठाऊक! पंतांच्या मांडीवर एक मखमली पेटी होती, मी भोळी, मला वाटलं, सुनेसाठी दागिना आणलाय. यांनाही तेच वाटलं असणार, कारण हे त्या पेटीकडे इतक्या प्रेमानं बघत होते की इतक्या प्रेमानं माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं. पोह्यांचं पार भुस्कट झालं. पण मुलीची आई ना मी, गप्प बसले.

साडेसहाला आला! कसा आला सांगू? पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची, एका हातात माझ्यासाठी रजनीगंधाची फुलं, दुसऱ्या हातात झालमुढीचा, म्हणजे इथल्या तिखट चुरमुऱ्यांचा, कागदी ठोंगा, आणि तोंडात झालमुढी! बिचारा फुलं घ्यायला एस्प्लनेडला उतरला, मैदानात फुटबॉल चालला होता, तो बघत उभा राहिला. "सॉरी, सॉरी! व्हेरी गुड गोल!" आणि आमच्या दारातच पाय उडवून दाखवला, तो चपलांच्या रेषेत! सगळी शिस्त जिन्यावरून खाली!

आणि त्याच क्षणी आमचे गुरुदत्तपंत उठले, टाचेला टाच आपटली आणि हात असा समोर ताठ केला! तसा! सिनेमाच्या बातमीपटात दाखवायचे तसा! अहो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो बिचारा मागे वळून बघायला लागला, आपल्या पाठीमागे कुणी आलंय का म्हणून. मागे सुचित्रादी, खुर्च्यांचं काय झालं ते बघायला आलेल्या. मग त्यानं घाईघाईनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला, ठोंगा उलटा झाला, आणि झालमुढी पंतांच्या कोटावर. शेंगदाणा तर थेट खिशात!

बसला. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोडकं, म्हणून मला सगळं कळत होतं, आणि आमच्या विद्वानांना काही कळत नव्हतं. हे म्हणाले, तुमचं गाव कुठलं? तर म्हणाला, गाव आता पूर्वेकडच्या जर्मनीत राहिलं, आई तिकडे, मी इकडे, मध्ये पहारे. सुचित्रादी दाराशीच उभ्या होत्या, त्यांचं ढाक्याजवळचं घर असंच पलीकडे राहिलेलं. उज्ज्वलानं आतून अर्थ सांगितला तर डोळ्याला पदर लावून म्हणतात, "आहा रे! ओर देशओ भाग होये गेछे!" याच्याही देशाची फाळणी झाली! कुठली बाई, कुठला बाबा, पण तिला कळलं. आणि पंत? "लवकरच पुन्हा अखंड होईल. शिस्त आहे ना!"

मग उज्ज्वला आली, बशा दिल्या, खाली बसली. नेहमीचे प्रश्न नाहीत, स्वयंपाक येतो का नाही, गाणं येतं का नाही. पंतांनी मखमली पेटी उघडली. आत काय? दागिना? अहो, लोखंडी चिमटा! खेकड्याच्या नांगीसारखा, दोन वाकडे पाय आणि वर मापाची पट्टी! "घाबरू नकोस, मुली. शास्त्र आहे. जर्मन शास्त्र. आर्यवंशाची कवटी किती रुंद, किती लांब, सगळं ठरलेलं असतं. घरात शुद्ध रक्त यावं, एवढंच. श्रीधरचं डोकं उत्तम भरलंय!"

श्रीधर काय करत होता? मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बशीच्या काठाला लावत होता. एका ओळीत!

"गजरा काढा, वहिनी. गजऱ्यानं माप चुकतं." आणि मी, तुम्हाला सांगते, मी पोटच्या पोरीच्या केसांतला गजरा काढला! माझ्या हातांनी! किळस येत होती, त्या चिमट्याची, त्या माणसाच्या तेलकट बोटांची, यांची, हे मान हलवत "हो हो, शास्त्र" म्हणत होते त्याची... पण मुलीची आई ना मी. उज्ज्वला हळूच म्हणाली, "काका, टोपी शिवायची आहे का माझ्यासाठी?" यांनी डोळे वटारले. चिमटा कानशिलांना लागला. आणि पंत मोठ्या अभिमानानं क्राउझकडे वळले, "सी, सर! जर्मन सायन्स! इन कॅलकटा!"

तो पोहे खात होता. कुणालाही आवडले नव्हते इतके आवडले होते त्याला ते थंडगार पोहे. चमचा तोंडाजवळ नेला आणि तसाच राहिला. चेहरा... कसा सांगू, धुतलेल्या पाटीसारखा झाला. त्यानं बशी खाली ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द शोधत सांगितलं. म्हणाला, हे मला ठाऊक आहे. माझी धाकटी बहीण होती, ग्रेटा. तिला फिट यायची. शाळेत पांढऱ्या कोटातली माणसं आली, हेच घेऊन आली, तिच्या डोक्याला लावलं, खूप प्रेमानं बोलली. मग काही दिवसांनी बस आली. दवाखान्यात नेतो म्हणाले. बस स्वच्छ होती. वेळेवर आली. आई तिची वेणी घालत होती, अर्धीच झाली होती, थांबा म्हणाली, तर म्हणाले, थांबता येणार नाही, वेळ झाली. ती परत आली नाही. मेली म्हणून कळवलं.

खाली रस्त्यावरून ट्राम गेली. माझ्या हातात उज्ज्वलाचा गजरा. मला वाटलं, आता तरी... आता तरी हा माणूस तो चिमटा खाली ठेवील. दगडाला पाझर फुटेल. आणि पंत काय म्हणाले? चिमटा मांडीवर टेकवून पोह्यांची बशी उचलली आणि यांच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना श्यामराव? वेळेवर! एवढ्या लढाईच्या धामधुमीत, बस वेळेवर! याला म्हणतात शिस्त!"

शी! शी! शी!

अहो, मी पन्नाशीला आले, मी मोठ्यानं बोललेलं यांनी कधी ऐकलेलं नाही. पण मी उठले. पंतांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. हो! मुलीच्या आईनं नवरदेवाच्या बापाच्या हातातली बशी, घास उरलेला असताना! चमचा त्यांच्याच बोटांत राहिला. मांडीवरचा तो चिमटाही घेतला, पेटीत घातला, पेटी श्रीधरच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "उज्ज्वला, ऊठ, आत चल, केस विंचरू." आणि ती बशी क्राउझच्या पुढ्यात ठेवणार होते, पण उष्टी! म्हणून आत जाऊन त्याच्यासाठी ताजे पोहे केले. तिन्हीसांजेला, घंटा न वाजवता!

बाहेर काय झालं ते मला कांदा चिरताना फक्त ऐकू आलं. पंतांच्या टाचा जिन्यावरून खट खट खट गेल्या. क्राउझ दोनदा पोहे घेऊन जेवल्यासारखा जेवला, जाताना मला म्हणाला, "मिसेस, आय ॲम सॉरी, फॉर द वेडिंग." मी म्हटलं, नो सॉरी. एवढंच इंग्रजी सुचलं.

मग हे आत आले. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पोरीचं लग्न मोडलंस, बिरादरीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस... तर हे दाराशी उभे, उज्ज्वलाकडे बघत. मी तिची वेणी घालत होते. मग म्हणाले, "पूर्ण घाल. घाई करू नकोस." आणि मग म्हणाले, "उद्या सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी बागबाजारला जातो आणि तोंडावर सांगतो, आम्हाला स्थळ पसंत नाही. मुलीकडच्यांनीही कधीतरी नकार द्यावा की!"

अहो, काय वाटलं म्हणून सांगू! सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला पहिल्यांदा देखणा दिसला. मी यांचा कोट झटकून ठेवला, टोपी ठेवली, चष्मा शोधून वर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढीला साबण लावत होते, तेवढ्यात सातच्या ठोक्याला गुरुदत्तपंतांचा माणूस दारात उभा राहिला आणि निरोप देऊन गेला की मुलीचं डोकं उत्तम भरलं, पण आईला शिस्त नाही, म्हणून आमचा नकार आहे.