सुनेपुढे वाकलेली मथुबाई

मंडळी, एक सांगा — नमस्कार कुणाला करायचा? वयाला की विद्येला? दोन्हींना म्हणता? बरं. पण विद्या सुनेकडे असली तर? …बघा, बायकांच्या बाजूला कशी शांतता पसरली!

तर ऐका. वाईला मथुबाई शेडगे नावाच्या बाई राहायच्या. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. पण मागल्या वर्षी घाटाच्या पायरीवरून पडल्या. हाड सांधलं, धीर काही सांधला नाही. एकटीनं उंबरा ओलांडायचा म्हटलं की चौकटीला धरून माघारी फिरायच्या.

सून तेजल. ती समाजमंदिरात मुलांना तायक्वांदो शिकवायची. सासूला ते अजिबात पसंत नव्हतं. त्यात एक दिवस मुलांचा गजर कानावर आला — हाना! दुल! सेत! आता कोरियन भाषेत ते नुसतं एक, दोन, तीन. पण मथुबाईंना ऐकू आलं काय? हाणा, डूल, शेत! म्हणजे दागिन्यांवरून आणि जमिनीवरून मारामारी!

शेजारणीचा हात धरून बाई जाब विचारायला गेल्या. दारात पोहोचल्या, तर काय दिसलं? ‘चर्योत’ म्हटलं की मुलं ताठ उभी. ‘क्युंगने’ म्हटलं की सगळी कमरेतून वाकून नमस्कार करताहेत. एक चिमुरडी तोल जाऊन पडली. तेजलनं तिला उचललं नाही, शेजारी बसून शांतपणे सांगितलं, “आधी पाय रोव. मग हात.”

ते वाक्य मथुबाईंच्या मनात रुतलं. घरी ओट्याला धरून त्या गुपचूप पाय रोवायला लागल्या. तेजलनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सासूच्या पलंगावर मुलांसारखाच पांढरा पोशाख घडी करून ठेवलेला होता.

बाई शिकायला लागल्या! कणीक मळताना आकडे, कपडे वाळत घालताना हाताचा बचाव — त्याला म्हणायचं ‘माक्गी’. मग हालचालींचा पहिला क्रम शिकल्या, चॉन-जी. अर्थ काय त्याचा? आकाश आणि पृथ्वी! अहो, नवशिक्याला पहिल्याच धड्यात आभाळ आणि धरणी देऊन टाकली, अजून काय पाहिजे?

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. हॉल भरलेला. मथुबाईंनी सुरुवात झोकात केली, आणि मधेच सगळं विसरल्या. तेजलला सांगायची परवानगी नव्हती. तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. बाईंनी परीक्षकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “विसरले मी. पहिल्यापासून करू का?”

परीक्षक हो म्हणाले. बाईंनी पाय रोवले आणि शेवटपर्यंत गेल्या. मुलांनी हॉल डोक्यावर घेतला.

पिवळा पट्टा बांधून झाला आणि तेजल सवयीनं सासूच्या पायाशी वाकायला गेली. मथुबाईंनी तिला दंडाला धरून थांबवलं.

“घरी तू वाक. इथं माझी पाळी आहे.”

आणि सासू सुनेपुढे वाकली. तेजलला रडू आवरेना, बाई मात्र हसत होत्या.

पहिल्या रांगेतल्या काकू, डोळे काय पुसताय? मोबाइल लावायला कुणी शिकवलं तुम्हाला? नातवानं ना? आणि अण्णा, साखर आटोक्यात ठेवायला कोण शिकवतंय — सूनबाईच ना? मग हात जोडलेत कधी? गुरू काय फक्त जटा वाढवूनच येतो? अहो, तो तुमच्या शेजारी मांडी घालून बसलाय! वळा तिकडे. लाजू नका. आधी तो नमस्कार होऊ द्या — मग मी टाळ उचलतो.